घरी आल्यावर कोण?

नारायणगुड्यातल्या त्या गल्लीत भामाबाई बिराजदारांचा आवाज न ओळखणारं माणूस सापडलं नसतं. काचीगुडा स्टेशनातल्या चौकशीच्या खिडकीमागे त्यांची सारी नोकरी गेली होती. समोरचा माणूस निजामाबादचा, नांदेडचा की कर्नूलचा, हे त्याच्या पहिल्याच शब्दावरून त्यांना कळायचं आणि त्याप्रमाणे त्या भाषा बदलायच्या. माहेरचे आजोबा उदगीरकडची शेती भावांवर सोपवून हैदराबादला आले, तेव्हापासून त्या घरात मराठी, तेलुगू आणि दखनी उर्दू एकाच ताटात वाढलेल्या असत.

त्या खिडकीनं त्यांना माणसांची एक सवय दाखवली होती. माणूस विचारतो एक आणि त्याला हवं असतं दुसरंच. "गाडी येणार ना?" असं विचारणाऱ्याला "येणार" म्हटलं की तो खूश होऊन जातो आणि थोड्या वेळानं तोच प्रश्न घेऊन परत येतो. "गाडी आत्ता कुठं आहे?" असं विचारणारा मात्र उत्तर घेऊनच जातो.

त्यांचे यजमान लक्ष्मणराव बेगम बाजारात सुक्या मिरचीची दलाली करायचे. त्या धंद्यात जिभेवरच पोट असतं. गुंटूरचा व्यापारी अडून बसला की लक्ष्मणराव त्याला चहा पाजून, त्याच्या लेकीच्या लग्नाची विचारपूस करून, हसत हसत भावावर आणायचे. भामाबाई दिवसभर खिडकीत बोलून दमलेल्या असत, म्हणून घरी तेच बोलत आणि त्या ऐकत.

भामाबाई निवृत्त झाल्या आणि पुढच्याच वर्षी हे सारं थांबलं. एका सकाळी दुकानात सौदा बोलता बोलता लक्ष्मणरावांची जीभ अडखळली, उजवा हात लुळा पडला आणि ते पोत्यावर कलले. हमालांनीच उचलून दवाखान्यात नेलं. वेळेत नेलं म्हणून जीव वाचला. भामाबाई हे कधी विसरल्या नाहीत. दवाखान्याला कोणी नावं ठेवू लागलं की त्या म्हणायच्या, "डॉक्टरांनी आपलं काम केलं. माणूस माझ्या हाती परत दिला."

पण हाती आलेला माणूस अर्धा होता. पाय ओढत चालायचा, हात उचलायचा नाही आणि बोलणं तर पार गेलेलं. समोरच्याचं बोलणंही छोट्या वाक्यात असलं तरच कळायचं, लांबण लागली की त्यांची नजर हरवायची. सुट्टी देताना दवाखान्यातल्या बाईंनी घाईघाईत दोन-चार व्यायाम दाखवले. "बोलणं परत येऊ शकतं, पण शिकवावं लागेल, आणि पहिले काही महिने फार मोलाचे आहेत," असंही सांगितलं. शिकवणार कोण, ते मात्र सांगितलं नाही. शहराच्या दुसऱ्या टोकाला बोलणं शिकवणाऱ्या एक मॅडम होत्या. भामाबाई लक्ष्मणरावांना दोन रिक्षा बदलून तिकडं घेऊन जाऊ लागल्या. एकदा रिक्षात चढताना लक्ष्मणरावांचा तोल गेला आणि ते भर रस्त्यात पडले. त्यानंतर त्यांनी उंबऱ्याबाहेर पाय टाकायचं नाव सोडलं.

मग भामाबाईंनी स्वयंपाकघरातच शाळा मांडली. वाट्यांमध्ये जिरं, हळद, मेथी, धने घ्यायचे, एकेक वाटी त्यांच्या नाकाशी धरायची आणि नाव विचारायचं. पुष्कळ दिवस काहीच आलं नाही. एका दुपारी लक्ष्मणरावांनी डोळे मिटले, वास घेतला आणि स्वच्छ म्हणाले, "धने." त्यानंतर काही आठवडे सगळ्यालाच धने म्हणत होते. पाणी म्हणजे धने, पंखा म्हणजे धने, भामाबाईसुद्धा धने. त्या हसत आणि ओ देत.

असं वर्ष सरलं. चार शब्दांचे आठ झाले, काठी घेऊन गल्लीच्या तोंडापर्यंत जाणं जमू लागलं. तेवढ्यात विधानसभेच्या निवडणुका आल्या.

वस्तीच्या संघटनेनं शाळेच्या मैदानावर सगळ्या उमेदवारांची एकत्र सभा ठेवली. प्रत्येक गल्लीनं एकच प्रश्न विचारायचा, तोही थोडक्यात. विषय चिठ्ठ्या टाकून वाटले, आणि या गल्लीच्या चिठ्ठीत आरोग्यसेवेतल्या सुधारणांचा विषय निघाला. संघटनेचे चिटणीस शिवराज कुलकर्णी बँकेतून निवृत्त झालेले, मनानं चांगले पण भाषणाचे शौकीन. ते भामाबाईंकडे आले.

"भामाबाई, प्रश्न तुम्हीच विचारायचा. माईकवर तुमच्यासारखा आवाज कोणाचा? मी लिहूनही आणलाय."

त्यांनी वाचून दाखवला. त्यात लोकशाही होती, महान परंपरा होती आणि शेवटी शंभर खाटांचं रुग्णालय बांधणार का, असं विचारलं होतं.

"शिवराजभाऊ, हे ऐकून ते काय म्हणतील?"

"बांधणार म्हणतील. टाळ्या पडतील."

"आणि मग?"

शिवराजनी कागदाची घडी घातली. "तुम्हाला सुचेल तसा करा, पण गल्लीची शोभा राहू द्या," असं म्हणून कागद तिथंच ठेवून ते गेले.

भामाबाईंच्या मनात प्रश्न होता, पण तो विचारायची त्यांना लाज वाटत होती. गल्लीनं दिलेल्या संधीत आपल्याच घरचं गाऱ्हाणं मांडायचं हे त्यांना पटेना. म्हणून त्या घरोघर फिरल्या. कोणाला औषधं हवी होती, कोणाला मोठं मशीन. पलीकडच्या इमारतीतल्या रझिया आपा शिवणकाम करायच्या. त्यांनी आतल्या खोलीकडे बोट दाखवलं. खाटेवर खुब्याचं हाड मोडलेली त्यांची आई पडून होती.

"कूल्हे की हड्डी टूटी थी. ऑपरेशन बहोत अच्छा हुआ, सलाख डाले," रझिया आपा म्हणाल्या. "डाक्टर बोले, चलाओ. मैं अकेली कैसा चलाऊं? गिर गए तो? वैसेच पड़े हुए हैं तब से."

पुढच्या घरात बाळंतपणानंतर कंबर धरलेली सून होती, त्यापुढच्या घरात अपघातातून वाचलेला आणि आता पलंगाला खिळलेला इस्त्रीवाला. दवाखान्यानं वाचवलेली माणसं या गल्लीत दारोदारी निजून होती. भामाबाई घरी आल्या तेव्हा त्यांची लाज गेलेली होती.

आता प्रश्न बांधायचा होता. वरच्या मजल्यावर ऋचा राहायची. पुण्याहून कंपनीच्या नोकरीसाठी आलेली, तेलुगू न येणारी, भामाबाईंच्या हातच्या ज्वारीच्या भाकरीवर जीव असलेली मुलगी. तिनं सगळ्या पक्षांचे जाहीरनामे इंटरनेटवरून काढले आणि रविवारी सकाळी बसून भामाबाईंना मराठीत सांगितले. खाटा होत्या, इमारती होत्या, यंत्रं होती. माणूस दवाखान्याच्या पायऱ्या उतरला की जाहीरनामा संपत होता.

ऋचानं प्रश्न लिहिला. "रुग्णालयोत्तर पुनर्वसन सेवांच्या विकेंद्रीकरणाबाबत आपलं धोरण काय?"

भामाबाईंनी तो खुर्चीत बसलेल्या लक्ष्मणरावांना सावकाश ऐकवला. त्यांची नजर तिसऱ्या शब्दालाच हरवली. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"यांना कळला नाही तर मैदानालाही कळणार नाही," भामाबाई म्हणाल्या. मग त्यांनी स्वतः लिहून पाहिला. त्यात रझिया आपांची आई आली, इस्त्रीवाला आला, दोन रिक्षा आल्या. लक्ष्मणराव अर्ध्यावर दमले. तिसरा छोटा केला, पण तो "सोय करणार का" असा संपत होता. भामाबाईंनीच खोडला. करणार का विचारलं की करणार म्हणतात, हे त्यांना खिडकीनं शिकवलं होतं.

आठवडाभर हेच चाललं. शेवटी एका संध्याकाळी ऋचा वैतागली. ऑफिसातून दमून आली होती, भाकरीचा तुकडा मोडत म्हणाली, "पण काकू, माणूस घरी आल्यावर हे सगळं करायचं कोणी? मला एवढं एकच कळत नाहीये."

भामाबाईंचा तवा तसाच राहिला. लक्ष्मणरावांनी मान वर केली होती. ते ऋचाकडे रोखून बघत होते आणि होकारार्थी मान हलवत होते.

"हाच," भामाबाई म्हणाल्या. "ऋचा, हाच प्रश्न आहे. तुझा आहे, पण विचारते मी."

तेलुगूत तो अजूनच छोटा झाला. इंटिकि वच्चिनंक एवरु? घरी आल्यावर कोण?

सभेच्या दिवशी मैदान भरलं होतं. लक्ष्मणराव हट्टानं आले आणि पहिल्या रांगेत बसले. मंचावर तीन उमेदवार होते. भामाबाईंची पाळी आली तेव्हा त्यांनी माईक तोंडापासून बेताच्या अंतरावर धरला. दवाखान्यात आमचा जीव वाचतो, त्याबद्दल आभार, असं आधी तेलुगूत म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पण पेशंट चालणं विसरलेला असतो, बोलणं विसरलेला असतो. घरी आल्यावर त्याला शिकवायचं काम कोणाचं? इंटिकि वच्चिनंक एवरु?"

पहिल्या उमेदवारानं रुग्णालय बांधायचं वचन दिलं. टाळ्या पडल्या. भामाबाई जागच्या हलल्या नाहीत. "सार, ते दवाखान्यातलं झालं. घरी आल्यावर कोण?"

टाळ्या विरल्या. दुसरा उमेदवार मुरलेला होता. त्यानं पहिल्या रांगेत काठी धरून बसलेल्या लक्ष्मणरावांना पाहिलं, आवाजात माया आणली आणि म्हणाला, "अम्मा, हे तुमचे यजमान ना? नाव, पत्ता माझ्या माणसाकडे द्या. उद्यापासून बोलणं शिकवणारी मॅडम तुमच्या घरी येईल. हा माझा शब्द."

त्याचा माणूस खरोखरच कागद-पेन घेऊन खाली उतरला. भामाबाईंनी त्या कागदाकडे पाहिलं. घरी येणारी मॅडम. रिक्षा नको, पडणं नको. वर्षभर त्या देवाकडे दुसरं काही मागतच नव्हत्या. लक्ष्मणराव त्यांच्याकडे बघत होते. त्यांना यातलं किती कळलं, कोण जाणे.

माईक खाली येतो की काय असं मागं बसलेल्या ऋचाला वाटलं. पण तो खाली आला नाही.

"उपकार झाले, सार," भामाबाई म्हणाल्या. "पण मी एका घराचं विचारायला उभी नाही. गल्लीनं मला पाठवलंय. माझ्या घरी मॅडम येईल, रझिया आपांच्या आईला कोण चालवेल? हे काम कोणाचं, तेवढं सांगा. नाव मी देत नाही."

दुसऱ्या उमेदवारानं आपल्या माणसाला हातानं परत बोलावलं. तिसऱ्या उमेदवाराचं नाव यादगिरी. पेशानं वकील, पक्ष लहान, निवडून यायची आशा कमीच. त्यानं माईक ओढून घेतला. "अम्मा, खरं सांगू? मला माहीत नाही. मी आजवर हा विचारच केला नाही. शोधून काढतो आणि तुमच्या गल्लीत येऊन सांगतो."

"कधी येणार?"

लोक हसले. यादगिरीही हसला. "पुढच्या रविवारी."

घरी परतताना भामाबाई खाली बघून चालत होत्या. आपण भल्याचा आव आणून नवऱ्याच्या तोंडचा घास काढला, हे त्यांना आतून टोचत होतं. लक्ष्मणराव काठी टेकत बरोबरीनं चालत होते. गल्लीच्या वळणावर थांबले, श्वास घेतला, तोंडाची जुळवाजुळव केली.

"भामा," ते म्हणाले. मग ओठ पुन्हा जुळवले. "बरोबर... विचारलं."

भामाबाईंनी रस्त्यातच त्यांचा हात घट्ट धरला आणि पदरानं डोळे टिपले.

यादगिरी रविवारी खरंच आला. शोधून काढलेलं उत्तर त्यानं उभ्याउभ्याच सांगितलं. हे काम कोणाचंच नाही. निवडणुकीत तो आपटला, पण हा विषय त्यानं टाकला नाही. शिवराजनीही आपली भाषणाची हौस इथं कारणी लावली. भामाबाईंना सोबत घेऊन ते कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवत राहिले. साहेब "बघू" म्हणाले की शिवराज आभार मानायला उठत आणि भामाबाई त्यांना हातानं खाली बसवून विचारत, "कोण बघणार?"

पुढच्या उन्हाळ्यात जवळच्या सरकारी दवाखान्यात व्यायाम शिकवणारी एक तरुण मुलगी आठवड्यातून दोन दुपारी यायला लागली. ज्यांना येता येत नाही त्यांच्या घरी ती जाते. रझिया आपांची आई आता वॉकर धरून खिडकीपर्यंत येते आणि खालच्या भाजीवाल्याशी भाव करते. बोलणं शिकवणारं माणूस मात्र अजून मिळालेलं नाही. लक्ष्मणरावांची शाळा घरातच चालू आहे, आणि आता गल्लीतला आणखी एक लकवा झालेला म्हातारा तिथं येऊन बसतो.

आता महापालिकेच्या निवडणुकीआधी पुन्हा तशीच सभा ठरली आहे. शिवराज ठरल्यासारखे भामाबाईंकडे आले. बोलणं शिकवणाऱ्याचा प्रश्न उरलाच होता.

"या वेळी मी नाही," त्या म्हणाल्या. "रझिया आपा विचारतील."

रझिया आपा ऐकून घाबरल्या. "मेरे से नक्को. मेरी तेलुगू कच्ची है."

"तो उर्दू में पूछो, आपा," भामाबाई म्हणाल्या. "समझना उनका काम है."

मग दोघी गच्चीवर गेल्या. रझिया आपा पाण्याच्या टाकीला उमेदवार समजून प्रश्न विचारू लागल्या आणि भामाबाई पलीकडच्या कठड्याशी जाऊन, "सुनाई नहीं आया, फिर से," असं म्हणत राहिल्या.