ढोबळे सरांचे कच्चे निबंध

ज्याचे आयुष्य गणिताच्या फळ्यापुढे गेले, त्याने निवृत्तीनंतर व्यक्तिचित्र लिहायला घ्यावे, हे धाडसच आहे. वाचकांनी ते पोटात घालावे. पण ढोबळे सरांविषयी लिहिले नाही, तर माझ्याकडून एक गोष्ट दुसऱ्यांदा राहून जाईल.

सौसरच्या आमच्या शाळेत ते मराठी शिकवीत. निबंधाला गुण देत नसत. समासात पेन्सिलीने एक प्रश्न लिहून वही परत करीत. मुलाने उत्तर शोधून निबंध पुन्हा लिहायचा. मग पुढचा प्रश्न. त्यांचा एक दंडकही होता: कच्चा निबंध लेखकाच्या परवानगीवाचून कोणाला दाखवायचा नाही. मग तो लेखक पंधरा वर्षांचा का असेना.

रामाकोन्याच्या सुनंदाने दहावीत लिहिले, ‘आमची संत्र्याची बाग फार सुंदर आहे.’ सर म्हणाले, “सुंदर तं सारेच लिहून राहिले, बाई. तुहे बाबा बागेत गेले का पयले काय करतेत?” चौथ्या खेपेस तिने लिहिले, ‘बाबा आधी फांद्यांखालचे बांबूचे टेकू एकेक हलवून पाहतात. मग चहा पितात.’ हे तिने लाजत मलाही आणून दाखवले.

त्याच आठवड्यात तिचे बाबा मुख्याध्यापकांच्या खोलीत आले. सरांना आणि मलाही तिथे बोलावले गेले. “चार महिन्यांपासून एकच निबंध चालून राहिला! बाजूच्या वर्गाचे दहा झाले. पोरगी निबंध लिहून राहिली का पोथी?”

वही सरांच्या हातातच होती. ती उघडली असती, तर ते गृहस्थ बहुधा गप्प खाली बसले असते. सर एवढेच म्हणाले, “तिले इचारल्याशिवाय नाही दाखवत, भाऊ. अजून कच्चा हाय.”

मुख्याध्यापक माझ्याकडे वळले. “तुम्ही सांगा, यात मुलांचा फायदा होतो का?”

सरांच्या वर्गातली मुले गणितातली शाब्दिक उदाहरणे दोनदा वाचून मगच पेन उचलत. मी वर्षभर पाहत होतो. तरी म्हणालो, “भाषेतले मला काय कळणार?”

दहावीचा वर्ग सरांकडून काढून घेतला गेला. सुनंदाने उरलेले निबंध छापील पुस्तकातून उतरवले. मुख्याध्यापकांच्या खोलीतून निघालो त्या दिवशी सायकल काढताना सर हसून म्हणाले होते, “कच्चं उत्तर देलं तुम्ही, मास्तर. पक्कं करजा कधीतरी.”

मागच्या उन्हाळ्यात सर गेले. हे लिखाण मी सहाव्यांदा लिहितो आहे. आधीच्या पाचही खेपांत माझ्या त्या उत्तरासाठी कुठली ना कुठली सबब होती. एकेक खोडत आलो. आता उरले ते इतकेच: होय, फायदा होत होता. वाचकहो, हे मी आता कोणाला सांगू?