अन् काहीच नसलं तं?

तुमचा प्रोग्राम कितीही झकास चालो, मॅडम त्याकडे बघून एकच विचारत, "अन् काहीच नसलं तं?" आमच्या नागपूरच्या सॉफ्टवेअर ऑफिसात यावरूनच त्यांचं नाव ‘नसलंतं मॅडम’ पडलं. त्यांना ते ठाऊक होतं आणि, माझा दाट संशय आहे, आवडतही होतं.

जेवताना दुसऱ्याच्या डब्यात हात घालण्याआधी त्या झाकण उचलून आत बघत. कोडमध्येही त्यांचं हेच शास्त्र. यादीत काही नसेल तर रिकामी यादी द्या, पण यादीच नाही असं सांगू नका. मला म्हणत, "डबा खाली असला तं चालते गा. डबाच नसला तं हात कुठं घालशील? अन् भेटला तरी पहिले उघडून पाह्य."

मग रुग्णवाहिकांचं काम आलं. फोन आला की मोकळ्या गाड्यांची यादी काढायची आणि तिच्यातली पहिली, म्हणजे सर्वांत जवळची, पाठवायची. यादी रिकामी असली, तर ‘पहिली’ मागताच प्रोग्राम कोसळणार आणि फोन करणारा ताटकळत बसणार. मॅडमनी काम अडवून धरलं. साहेब तापले.

"बाई, अख्ख्या शहरात एक गाडी मोकळी नाही, असं कधी होते का? उद्या काम गेलं नाही, तं तुमच्या खुर्चीवर दुसऱ्याले बसवतो."

"बसवा साहेब. फक्त मारबतीच्या मिरवणुकीत सारे रस्ते तुंबले अन् फोन आला, तं त्या माणसाले काय सांगायचं, तेवढं सांगून ठेवा."

साहेबांनी मुदत वाढवून घेतली. काम उशिरा गेलं, पण यादी आधी तपासूनच गेलं. ती रिकामी निघाली, तर प्रोग्राम आजूबाजूच्या गावांत गाडी शोधणार होता.

मारबतीची मिरवणूक निघाली, रस्ते तुंबले, गाड्या अडकल्या. जरीपटक्यातून फोन आला, एका बाईला कळा सुरू झाल्या होत्या. पडद्यावर शहराची यादी कोरी. आमचे श्वास थांबले, प्रोग्राम थांबला नाही. त्यानं शहराबाहेरच्या कन्हानची गाडी धाडली. संध्याकाळी निरोप आला, मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. आम्ही टेबलं बडवली. बर्फी आणायला साहेब स्वतः धावले.

परवा मॅडम निवृत्त झाल्या. आम्ही त्यांना संत्राबर्फीचा डबा दिला. मला रडू येत होतं आणि छातीही फुगली होती. त्यांनी सवयीनं आधी झाकण उचललं आणि बराच वेळ आत पाहत राहिल्या.

"आहे गा," त्या म्हणाल्या. "बहुत आहे."