भोंग्याचं हमीपत्र

चार वर्षांची असताना तापात माझे कान गेले. त्याआधी बोलायला शिकले होते, म्हणून बोलता येतं. आवाज जरा फुटक्या डब्यासारखा येतो असं घरचे म्हणतात, पण तो ऐकायची पाळी त्यांच्यावर आहे, माझ्यावर नाही. समोरच्याचे ओठ वाचून मी समजून घेते. सरकारला माझी फार काळजी आहे आणि खोटं कशाला बोलू, प्रगती बरीच झाली.

चिंचणीच्या आमच्या शाळेत समावेशक शिक्षण आलं तेव्हा मला उचलून पहिल्या बाकावर बसवलं आणि समावेश पूर्ण झाला. बाई फळ्याकडे तोंड करून शिकवायच्या, त्यामुळे मला त्यांचा अंबाडा पाठ झाला. एका शिबिरात कानाचं मशीन मिळालं. बॅटरी आठवड्यात संपली. नवी पुढच्या शिबिरात मिळेल म्हणाले आणि पुढचं शिबिर चष्म्यांचं निघालं.

मोठी झाल्यावर दिव्यांगांच्या यादीतून घरकुल मंजूर झालं. नकाशात रॅम्प होता. माझे पाय ठणठणीत आहेत, त्यापेक्षा बेल वाजली की पेटेल असा दिवा द्या, असं मी कचेरीतल्या गृहस्थांना सांगून पाहिलं. दिव्याचा रकानाच नव्हता. दिव्यांगाचं घर म्हटलं की रॅम्प, असं त्या गृहस्थांनी मला सावकाश, तोंड मोठं उघडून समजावलं. आई आता रॅम्पवर जवळा वाळत घालते. उतार असल्यामुळे पाणी छान निथळतं, योजनेला नाव ठेवायला जागा नाही.

मग पालघरला रोजगार मेळावा झाला. स्टेजवर फोटो काढून मला तारापूरच्या एमआयडीसीत एका औषध कंपनीच्या पॅकिंग खात्यात नेमलं. पहिल्या दिवशी आत गेले तर सगळ्यांची तोंडं मास्कमध्ये. ओठ वाचून जगणाऱ्या बाईसाठी नेमकं तोंड झाकायचं खातं शोधून काढायला डोकं लागतं. सुपरवायझर बाहेर आल्यावर मास्क काढायचा, तर गालात गुटखा. गुटखा भरलेलं तोंड मराठीत बोलतंय की हिंदीत, हे तर कान असलेल्यांनाही कळत नसे.

पण आत वेगळीच गंमत होती. मशीन आणि कॉम्प्रेसरचा आवाज इतका, की बाकीच्या तेरा बायका एकमेकींच्या कानाशी ओरडून घसा बसवून घेत. मला तो आवाज फक्त पायाखालच्या फरशीत जाणवायचा. मी आपली हातांनी बोलत राहिले. दोन महिन्यांत सगळ्या जणी हातांनी बोलायला लागल्या. पोटावरून हात फिरवला की सुपरवायझर आला, अंगठा वाकडा केला की खोकं चुकलं, दोन्ही हात डोक्यावर फुली करून धरले की हातातलं टाक आणि निघ. मुरबे गावची एक मावशी होती, ती तर घरी सुनेशीही तसंच बोलायला लागली. भांडणं कमी झाली म्हणे. त्या खात्यात मी पहिल्यांदा कुणाच्या मागे नव्हते. मला ती नोकरी फार आवडायची. ती जाईल या भीतीने मी दोन वर्षांत एकही रजा घेतली नव्हती.

एका मंगळवारी गॅसगळतीची रंगीत तालीम झाली. कधी होणार ते मुद्दाम सांगितलं नव्हतं. भोंगा वाजला. आमच्या खात्यात एकीलाही ऐकू आला नाही, मशीन चालूच होतं. माझी मान सवयीने मिनिटामिनिटाला वर होते. दाराच्या काचेतून शेजारच्या खात्यातली माणसं लगबगीने जाताना दिसली आणि मी हात डोक्यावर नेले. मशीन बंद झालं, चौदाच्या चौदा जणी बाहेर. मैदानात मोजणी झाली तेव्हा आम्ही दुसऱ्या नंबरवर होतो. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

शुक्रवारी सेफ्टीच्या साहेबांनी बोलावलं. माणूस सभ्य होता, माझ्याशी बोलताना आठवणीने मास्क काढायचा. त्याच्या अहवालात लिहिलं होतं, की पॅकिंग खात्यात एका कर्मचाऱ्यास भोंगा ऐकू येत नाही, ही गंभीर त्रुटी आहे. मी म्हटलं, तिथे कुणालाच येत नाही. बाकीच्यांचे कान चांगले आहेत, असा त्याचा जबाब होता. मग दारावर लाल दिवा लावा, म्हटलं. त्यावर तो दुःखी चेहऱ्याने म्हणाला, "एकट्या बाईसाठी खर्च कसा दाखवू?"

त्याच्याकडे दुसरा उपाय तयार होता, एक हमीपत्र. मला धोक्याचा भोंगा ऐकू येत नाही, हे मला मान्य आहे, आणि अपघात झाल्यास जबाबदारी सर्वस्वी माझी राहील. सही केली तर नोकरी, नाही तर सोमवारपासून घरी. म्हणजे गळती त्यांच्या पाइपातून आणि मेले तर दोष माझ्या कानांचा. राग फार आला. पण नोकरी हवी होती. चहाच्या सुट्टीनंतर करते, असं सांगून आले.

चहा पिताना कागद मावशीला दाखवला. तिला वाचता येत नव्हतं, आमच्यातल्या माकुणसार गावच्या पोरीने वाचून दाखवला. सुट्टी संपली आणि मी साहेबाच्या केबिनकडे निघाले, तर मागे सगळी रांग. साहेबाने विचारलं असावं, काय झालं. मावशी पुढे झाली आणि मास्क हनुवटीखाली ओढून माझ्याकडे तोंड करून साहेबाशी बोलली. मला वाचता यावं म्हणून.

"आमालापन भोंगा आयकू नाय येत. आमचापन लिवून घ्या. तेरा कागद द्या."

साहेबाने कपाळ पुसलं. तेरा कागद दिले असते तर अख्खं खातं कागदोपत्री बहिरं ठरलं असतं आणि पुढच्या सरकारी पाहणीत दिव्यांगांच्या भरतीसाठी कंपनीचा बहुधा सत्कारही झाला असता. पण कुठे खरीच गळती झाली, तर तेच चौदा कागद त्याच्या गळ्याशी आले असते. त्याने माझ्या हातातला कागद हळूच काढून घेतला, ड्रॉवरमध्ये ठेवला आणि वर विचारून सांगतो म्हणाला. आठ दिवसांत वायरमन आला आणि दारावर लाल दिवा बसला. कंपनीने दिव्यांग भगिनीसाठी स्वयंस्फूर्तीने ही सोय केल्याचं नोटीस बोर्डावर लागलं, शेजारी माझा मेळाव्यातला फोटो.

दिवा बसला त्या दिवशी सुटल्यावर बोईसरच्या रिक्षा स्टँडवर मी मावशीचा हात धरला. मला रडूच आलं. माझ्यासाठी तुम्ही सगळ्यांनी नोकरी पणाला लावलीत, असं काहीसं मी बोलत होते. तिने हात सोडवून घेतला, मला दिव्याच्या खांबाखाली उजेडात उभं केलं आणि सावकाश बोलली.

"तुझ्यासाठी नाय गो केला. उद्या खराच गॅस सुटला नि तू रजेवर असलीस, तर आमाला कोन उठवील? आमी तिथंच बसून मरू."

मग ती मुरब्याच्या रिक्षात जाऊन बसली. मी रडायची थांबले होते. माझ्यावर दया केली नाही म्हणून कुणाचे पाय धरावेसे वाटले, ते त्या संध्याकाळी. उठवायला आता दारावर दिवा होता. सोमवारी मी पहिली रजा टाकली.