पलंगापासून बाथरूमपर्यंतचा चिकट पट्टा

८ डिसेंबर, दुपारचे सव्वातीन. प्रश्न लाकडी जमिनीच्या बारा हजारांच्या पॉलिशचा, त्यात आमचा वाटा निम्मा, म्हणजे सहा हजार. हजर तिघंच : मी, माझी आई आणि घरमालक तात्या. हे आधीच लिहून टाकते, कारण पुढचं वाचून 'आणखी कोणी पाहिलं का?' असं कोणीतरी विचारणारच.

मी असलं काही मानत नाही. आम्ही बौद्ध; नवस, अंगारे, उतारे आजोबांनीच घराबाहेर काढले. त्यात माझी नोकरी अकाउंट्समधली. हिशेब जुळला नाही की चूक आपलीच असते, एवढंच मला कळतं. तरीही...

आईला अर्धांगवायूचा झटका येऊन गेला. उजवा पाय ओढत चालते. आधीच्या, नांदे गावातल्या फ्लॅटमध्ये एकदा पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "आता पुन्हा पडल्या तर उठणार नाहीत." तेव्हापासून माझा सगळा दिवस त्या एका वाक्याभोवती फिरतो. म्हणून माले गावात हे बैठं घर भाड्याने घेतलं.

आईच्या खोलीत लाकडी फ्लोअरिंग आहे. त्यावर पलंगापासून बाथरूमच्या दारापर्यंत वीतभर रुंद, काळपट, चिकट पट्टा. आधीच्या भाडेकरूंनी कसली तरी टेप लावली होती. तात्यांनी ती उपटली, गोंद तसाच राहिला. अनवाणी पाय ठेवला की चर्र! केस, मुंग्या, पोछ्याचे धागे, सगळं तिथे अडकायचं.

गरम पाणी, भांड्यांचा साबण, व्हिनेगर... काही उपयोग नाही. मग खोबरेल तेल आणि खायच्या सोड्याचा लेप लावला, अर्धा तास मुरू दिला आणि जुन्या एटीएम कार्डाने लाकडाच्या रेषांच्या दिशेने खरवडला. निघाला! सकाळी पाहते तर पट्टा परत. वाटलं, नीट निघालाच नसेल. पुढच्या सुट्टीला थिनर आणलं. आई खोकून बेजार झाली, पण लाकूड अगदी कोरं झालं. दोन दिवसांनी पुन्हा चर्र. फळ्यांच्या सांध्यांत मुरलेला गोंद वर येत असेल, असं स्वतःला समजावलं. खरं तर समजावायचंही त्राण उरलं नव्हतं. ऑफिस, स्वयंपाक, आईची औषधं, व्यायाम — आणि वर ही जमीन. शेवटी तात्यांना फोन केला : मशीन लावून पॉलिश करू, निम्मे-निम्मे.

८ तारखेला मी एक शेवटचा प्रयत्न केला. निघाला तर सहा हजार वाचतील. पुन्हा तेल, पुन्हा खरवडणं. पट्टा साफ झाला, फक्त तेल पुसायचं राहिलं होतं. आई झोपलेली. तेवढ्यात पॉलिशचं ठरवायला तात्या फाटकाशी आले, म्हणून मी बाहेर गेले. पाचच मिनिटं...

आत काठी पडल्याचा आवाज झाला.

आम्ही धावलो. तात्या उंबऱ्याच्या आत पाय टाकताच सटकले, चौकट धरून वाचले. "आयला, ताई! कंबरडं मोडलं असतं की माजं!"

आई खोलीच्या मधोमध उभी होती. काठी लांब पडलेली. भोवती तेलच तेल. आणि तिचा उजवा पाय, जो एरवी नीट टेकतच नाही, तो जमिनीवर सपाट, घट्ट.

"आई, हलू नकोस."

"हलतंय कोण? पाय सुटंना."

खाली बसून मी तिची टाच धरली आणि उचलली. टेप ओढून काढताना येतो तसा आवाज आला. मी नुकतंच कोरं केलेलं लाकूड तिथे पावलाएवढं चिकट होतं. आईच्या तळव्याला काळी, वाळूसारखी खर लागलेली.

"पडतच हुते गं," आई म्हणाली. "खालनं पाय धरला कुणीतरी. पैंजण घालताना धरत्यात ना, तसा."

तात्यांनी ती खर बोटांत चोळली. त्यांचा आवाज उतरला. "ही त्या पट्टीची हाय. पाय सटकू न्हाई म्हणून खरखरीत असतीया. पर ती म्या समदी उपटून जाळली, ताई."

"लावली कोणी होती?"

"आदीच्या काकांनी. बायकूला चालता येईना त्यांच्या. जरा झिजली की नवी पट्टी. मी चिडवायचो, काका, रस्त्याचं टेंडर घेतलंय काय? हसायचं म्हातारं. मग ते गेलं... हितंच. काकूंना लेकीनं न्हेलं."

"काकू कधी पडल्या का?"

"न्हाई. एकदाबी न्हाई."

मग आई म्हणाली, "तेल पूस. पट्ट्याला हात लावू नगंस."

तिसऱ्या दिवशी पट्टा पलंगापासून दारापर्यंत होता तसा झाला.

सांध्यांतून गोंद वर येतो, हे एक वेळ मी मान्य करते. पण जाळून टाकलेल्या पट्टीची खर कुठून आली? अजून मला हा हिशेब लागलेला नाही, आणि चूक आपलीच, असंही म्हणवत नाही. आता पट्ट्यावरून पोछा फिरवत नाही. आई एकटी उठते, चर्र चर्र करत जाते, येते. त्या आवाजावर बाजूच्या खोलीत मला बऱ्याच महिन्यांनी दुपारची डुलकी लागते.

पुढच्या रविवारी ठरल्याप्रमाणे महाळुंग्याहून पॉलिशवाला मशीन घेऊन आला. त्याला चहा दिला, येण्याजाण्याचे पाचशे रुपये दिले आणि मशीन टेम्पोतून खाली उतरवू दिलं नाही.