पोटावरचा हात

मैत्रिणींनो, आज फणसवाडीत आईकडे माझं डोहाळजेवण झालं. सातवा महिना लागलाय.

नवरा आणि मी आठ दिवस बोलत नाही. भांडणात तो म्हणाला होता, "तुला स्वतःला सांभाळता येत नाही, बाळ काय सांभाळणार?" खोटं कशाला बोलू, तेव्हापासून मलाही तसंच वाटतंय.

आज हिरवी साडी, फुलांचे दागिने, सगळं झालं. फोटोग्राफर म्हणाला, "सर, मॅडमच्या पोटावर हात ठेवा ना."

त्याने ठेवला. नेमकी तेव्हाच बाळाने लाथ मारली.

"अरे, लाथ मारली!" त्याचा चेहरा इतका खुलला! मी पटकन त्याच्याकडे बघितलं. तो फोटोग्राफरला सांगत होता.

फोटो सुंदर आलाय. आईला तो फ्रेम करून भिंतीवर लावायचाय. तिला काय सांगू?