दहा हजार वॅटचा धोंडा

जुन्याच डब्याला नवं स्टिकर लावून आमच्या गळ्यात 'टेक्नॉलॉजी' बांधणाऱ्यांनो, थोडी तरी लाज बाळगा!

हा राग मी आदिलाबादला मंगलमामांच्या साउंड सर्व्हिसमध्ये बसून कमावला. इलेक्ट्रॉनिक्सची डिग्री ताजी होती. त्यात जिल्ह्याचे तुकडे झाले, नव्या जिल्ह्यांच्या सभा वाढल्या. सभांमागे स्पीकर विकणारे आले आणि त्यांच्यामागे किस्से. आता ते ठेवायला जागा नाही!

मामांना जुने भोंगे बदल्यात देऊन नवे स्पीकर घ्यायचे होते. निवड चुकली तर अख्खा सीझन हातचा जाणार. म्हणून प्रत्येक डबा मी तपासायचा, असं ठरलं.

*

हैदराबादचा सेल्समन म्हणाला, "चाचा, इसका साउंड थ्री-सिक्स्टी डिग्री घूमता!"

मामा म्हणाले, "हमारा भोंगा भी घूमता. बस, बांबू पे चढ़ के घुमाना पड़ता!"

*

एका डब्यावर छापलं होतं, 'दहा हजार वॅट'. वजन असं, की दोघांनी उचलावा. मी स्क्रू काढले. आत बशीएवढा स्पीकर आणि सिमेंटचा धोंडा!

मामा धोंडा हातात घेऊन म्हणाले, "वॅट हेच असतीन!"

*

याच्या उलटही झालं. एक डिजिटल अॅम्प्लिफायर खरंच उत्तम निघाला आणि पिशवीत मावेल इतका छोटा, हलका. बाजारहत्नूरच्या पाटलांनी तो तळहातावर तोलला. "मामा, हा तं आतून खाली हाय. आमच्या पोरीच्या लग्नात काऊन थट्टा करून राह्यले?"

मामांनी तो गुपचूप जुन्या अॅम्प्लिफायरच्या लोखंडी पेटीत बसवला. लग्नात पाटील खूश. "पाहा, वजनदार मशीनचा आवाजच येगळा!"

मी कपाळावर हात मारला!

*

राहिले उंच, सडपातळ कॉलम स्पीकर. दावा असा, की शेवटच्या माणसालाही शब्द न् शब्द कळेल. "साफ थाप आहे, मामा!" मी म्हणालो. मामांनी ते एका सभेपुरते मागून घेतले. सभा मुधोळची. गाव नव्या जिल्ह्यात गेल्यानंतरची पहिलीच. तिथे दरवर्षी आमदारसाहेबांच्या भाषणाला टाळ्यांचा कडकडाट व्हायचा.

थाप पकडायला मी वही घेऊन शेवटच्या रांगेत उभा राहिलो. भाषण सुरू झालं. शब्द न् शब्द कळत होता! रस्ता विचाराधीन. दवाखाना विचाराधीन. कॉलेजही विचाराधीन. टाळी एकही नाही. हळूहळू मंडप रिकामा होऊ लागला.

संयोजक मामांवर धावून आले. "काय लावलं हो हे? लोक उठून राह्यले!"

मामांचा चेहरा उतरला. शेजारी बसलेले एक आजोबा धोतर झटकत उठले आणि मामांना म्हणाले, "भोंगेच बरे होते, बाप्पा. इतके वर्सं आमाले वाटे, साहेब काहीतरी चांगलं बोलून राह्यले!"