बटण दाबणारी

धारवाडहून हुबळीला जाताना बसमध्ये शेजारच्या बाई सारख्या पिशवीतून फोन काढत होत्या आणि न बघताच परत ठेवत होत्या. मी विचारलं, "अक्का, बरं वाटत नाही का?"

"आमच्या गल्लीत आलेल्या चादरवाल्याचा फोटो मी 'पोरं पळवणारा' म्हणून ग्रुपवर टाकला. लोकांनी त्याला बेदम मारलं. दवाखान्यात आहे, त्यालाच भेटायला निघालेय."

"या फोनमुळं हल्ली असंच होतं," मी म्हणाले.

"फोननं काय केलं? बटण मी दाबलं की."

"तो ओळखतो तुम्हाला?"

"नाही ना! म्हणून तर मलाच सांगावं लागणार."

दवाखान्यापाशी त्या उतरल्या. बस हलली तेव्हा फाटकापासून रस्त्याकडे परत येताना दिसल्या. मग एकदम वळल्या आणि जवळजवळ धावतच आत गेल्या.